पेंढ्याच्या तेलाचा पूर्ण हिशेब

एक किलो धान्य पिकते तेव्हा त्याच्याबरोबर जवळपास तेवढाच, आणि काही पिकांत त्याहूनही अधिक, पेंढा, काड, ताटे आणि भुसा तयार होतो. यातला काही भाग जनावरांच्या दावणीला जातो, काही मातीत मिसळतो, काही बॉयलरमध्ये जळतो आणि बराचसा शेतातच पेटवून दिला जातो. या शेवटच्या भागाचे खनिज तेलासारखे जैवतेल करता येते, असे रसायनशास्त्रज्ञ गेली अनेक दशके सांगत आले आहेत आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु एखादी गोष्ट करता येते आणि तिच्यावर सार्वजनिक पैसा खर्च करावा, या दोन विधानांच्या मध्ये एक मोठा हिशेब असतो. पेंढ्यापासून तेल काढण्याच्या उद्योगाला मदत जरूर द्यावी, पण ती तयार होणाऱ्या तेलाच्या लिटरवर मोजून देऊ नये, असे माझे मत आहे. शेतातून उचललेल्या प्रत्येक टनातला कार्बन, पाणी आणि खनिजे शेवटी कुठे गेली, याच्या पूर्ण हिशेबावर ती ठरली पाहिजे. हे मत का बनले ते सांगण्यासाठी प्रक्रियेच्या आत थोडे खोलवर जावे लागेल.

पेंढा मुख्यतः तीन पदार्थांचा बनलेला असतो: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. कोरड्या पेंढ्याच्या वजनात कार्बन ४० ते ४५ टक्के आणि ऑक्सिजनही साधारण तेवढाच असतो. हा ऑक्सिजनच खरी अडचण आहे. जळण्याची जी शक्ती इंधनात असते, तिचा काही भाग ऑक्सिजनशी आधीच जोडला गेल्यामुळे पेंढ्यात उरलेला नसतो. म्हणून एक किलो कोरडा पेंढा १४ ते १७ मेगाज्यूल उष्णता देतो, तर एक किलो खनिज तेल ४२ ते ४३. पेंढ्याचे तेल करणे म्हणजे त्यातला कार्बन आणि हायड्रोजन शक्य तेवढा राखून ऑक्सिजन बाहेर काढणे. त्यासाठी एक मार्ग कोरडा आहे. पेंढा पूर्ण वाळवून, बारीक करून, हवा लागू न देता सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत काही सेकंदांत तापवायचा आणि निघालेली वाफ थंड करून द्रव मिळवायचा. याला जलद पायरोलिसिस म्हणतात. द्रव भरपूर मिळतो, पण त्यात ३५ ते ४० टक्के ऑक्सिजन आणि १५ ते ३० टक्के पाणी राहते, तो आम्लधर्मी असतो, साठवणीत घट्ट होत जातो आणि त्याची उष्णता किलोमागे १६ ते १९ मेगाज्यूलच भरते. ऑक्सिजन काढण्याचे मूळ काम बहुतांशी पुढे ढकलले जाते.

दुसरा मार्ग ओला आहे आणि विचार करण्याजोगा तोच आहे. हायड्रोथर्मल लिक्विफॅक्शन म्हणजे अतितप्त पाण्यातले द्रवीकरण. यात पेंढा वाळवायचा नसतो, उलट तो पाण्यात कालवून त्याचा लगदा २५० ते ३७० अंशांपर्यंत तापवायचा आणि पाण्याची वाफ होऊ नये म्हणून त्यावर शंभर ते सव्वादोनशे बार दाब ठेवायचा (एक बार म्हणजे साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा दाब). पाणी ३७४ अंश आणि सुमारे २२१ बार या बिंदूला पोहोचले की द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. त्या बिंदूच्या अलीकडे पाणी द्रवच असते, पण त्याचा स्वभाव पालटलेला असतो. साध्या तापमानाला ज्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतभारित कणांमधली ओढ कमी करण्याची क्षमता दाखवणारा आकडा) ८० च्या आसपास असतो, तेच पाणी ३०० अंशांना २० च्या जवळ येते, म्हणजे या बाबतीत ते अॅसिटोनसारखे वागू लागते आणि एरवी पाण्यात न विरघळणारे सेंद्रिय पदार्थ त्यात विरघळतात. शिवाय २५० अंशांच्या पुढे पाण्याचा आयनी गुणाकार (ते स्वतःहून आम्लाच्या आणि अल्काच्या आयनांत किती फुटते याचे माप) नेहमीच्या मानाने सुमारे हजारपट वाढतो, त्यामुळे पाणी एकाच वेळी आम्लाचे आणि अल्काचे काम करते. सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात, तुकड्यांमधून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून जाते, आणि उरलेले तुकडे पुन्हा एकमेकांना जुळून तेलकट, काळसर द्रव बनतो. त्यात ऑक्सिजन १० ते २० टक्क्यांवर आलेला असतो आणि उष्णता किलोमागे ३० मेगाज्यूलच्या वर गेलेली असते.

या मार्गाची खरी खुबी उष्णतेच्या हिशेबात आहे आणि ती बहुतेक लोकप्रिय वर्णनांतून सुटते. एक किलो पाणी २५ अंशांपासून तापवून त्याची वाफ करून टाकायची झाली, तर सुमारे २,५७० किलोज्यूल लागतात, आणि ती वाफ वाळवणीच्या यंत्रातून निघून गेली की ती उष्णता सहसा हातची जाते. तेच पाणी दाबाखाली द्रवरूपातच ठेवून ३०० अंशांपर्यंत नेले तर सुमारे १,२४० किलोज्यूल लागतात, आणि ते बाहेर पडताना आत येणाऱ्या थंड लगद्याला त्यातली बरीच उष्णता परत देऊ शकते. दाब चढवायलाही फार शक्ती लागत नाही. द्रव दाबाखाली फारसा आकसत नसल्याने २०० बारपर्यंत नेण्यास किलोमागे सुमारे २० किलोज्यूल पुरतात. आता लगद्यात एक भाग पेंढा आणि साडेचार भाग पाणी आहे असे समजू. उष्णता अजिबात परत मिळवली नाही, तर नुसते पाणी तापवण्यातच पेंढ्याच्या किलोमागे ५.६ मेगाज्यूल जातात, म्हणजे पेंढ्यात असलेल्या शक्तीचा तिसरा हिस्सा. त्यातली ८० टक्के परत मिळवली, तर हा खर्च १.१ मेगाज्यूलवर येतो. सारा प्रकल्प जगतो की मरतो, हे बाहेर जाणाऱ्या आणि आत येणाऱ्या लगद्यामधल्या त्या उष्णता-विनिमयकावर ठरते. रासायनिक अभिक्रिया त्या मानाने आज्ञाधारक आहे.

पण या विनिमयकाचा सर्वांत मोठा शत्रू पेंढाच असतो. भाताच्या पेंढ्यात १५ ते २० टक्के राख असते आणि तिचा मोठा भाग सिलिका. पोटॅशियम कार्बोनेटासारखे अल्कधर्मी उत्प्रेरक घातल्यावर कोळशासारखा घन अवशेष कमी होतो आणि तेल वाढते, म्हणून ते वापरले जातात. परंतु त्याच तप्त अल्कधर्मी पाण्यात सिलिका विरघळते आणि पाणी थंड होऊ लागले की नळ्यांच्या भिंतींवर थर धरते. थर वाढला की उष्णता पलीकडे जात नाही, आणि वर केलेला १.१ मेगाज्यूलचा हिशेब हळूहळू ५.६ च्या दिशेने सरकू लागतो. लगदा पुढे ढकलणे हेही तितकेच अवघड काम आहे. पेंढ्याचे तंतू पाणी शोषून फुगतात. लगद्यात घनपदार्थ १५-२० टक्क्यांच्या पुढे गेला की तो वाहण्याऐवजी साचतो, झडपांपाशी तंतूंची जाळी धरते आणि पाणी पिळून पुढे जाते तर पेंढा मागे राहतो. बारीक दळावे तर दळण्याची वीज वाढते, आणि पाणी वाढवावे तर तापवण्याचा भार वाढतो. प्रयोगशाळेत अर्धा लिटरच्या बंद भांड्यात पेंढा आणि पाणी घालून, तापवून, थंड करून तेल मोजता येते, आणि प्रसिद्ध झालेले कितीतरी आकडे अशाच भांड्यांतले आहेत. त्या भांड्याला पंप नसतो आणि विनिमयकही नसतो. म्हणून अशा आकड्यांवरून कारखान्याचा निर्णय करणे मला धोक्याचे वाटते.

हा विषय नवा आहे असे सांगितले जाते तेव्हा इतिहासाची आठवण करून द्यावीशी वाटते. फ्रीडरिख बेर्गिउस यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच वनस्पतिजन्य पदार्थ दाबाखालच्या गरम पाण्यात ठेवून त्यांचे कोळशासारखे रूपांतर करून पाहिले होते. उच्च दाबाच्या रसायनविद्येसाठी त्यांना १९३१ साली कार्ल बॉश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत पिट्सबर्ग येथील सरकारी संशोधन केंद्राने विकसित केलेल्या पद्धतीने ऑरेगॉन राज्यातील अल्बनी येथे लाकडापासून तेल काढण्याचा प्रायोगिक कारखाना चालवला गेला. १९८० च्या दशकात शेल कंपनीच्या अॅमस्टरडॅममधील प्रयोगशाळेत याच दिशेने काम झाले. १९८६ मध्ये खनिज तेलाचे भाव कोसळले आणि अशा कामांमागचा आग्रह ओसरला. म्हणजे रसायनशास्त्र चुकले म्हणून हे प्रयत्न थांबले असे म्हणता येत नाही. तेल महागले की आस्था जागायची आणि स्वस्त झाले की विझायची. सलग वीस वर्षे पंप, झडपा, विनिमयक आणि सांडपाणी यांवर काम करत राहण्याची संधी कोणालाच मिळाली नाही. सार्वजनिक पैशाचे खरे काम अशा ठिकाणी असते, कारण बाजाराला न परवडणारे सातत्य सरकारला देता येते.

सातत्याऐवजी घाई केली तर काय होते, हेही पाहायला मिळाले आहे. मिसिसिपी राज्यातील कोलंबस येथे कायऑर या कंपनीने लाकडाच्या चिपांवर उत्प्रेरकासह पायरोलिसिस करून इंधन बनवण्याचा मोठा कारखाना उभारला. राज्याने साडेसात कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. उत्पादन ठरल्या पातळीच्या जवळपासही गेले नाही आणि २०१४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. मिझुरी राज्यातील कार्थेज येथे टर्की पक्ष्यांच्या मांसप्रक्रियेतला टाकाऊ भाग दाबाखालच्या पाण्यात शिजवून तेल काढणारा कारखाना प्रत्यक्षात तेल काढत होता, पण त्याच्या दुर्गंधीने गावकरी हैराण झाले आणि २००९ मध्ये चालक कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. दोन्ही ठिकाणचा कच्चा माल पेंढा नव्हता आणि पद्धतीही वेगळ्या होत्या, हे मान्य. तरी दोन्हींतून एकच गोष्ट दिसते की लहान प्रमाणावरचे यश मोठ्या प्रमाणावर आपोआप येत नाही, आणि बाहेर पडणारे तेल सोडून इतर जे काही बाहेर पडते, त्याचा विचार उशिरा झाला तर तोच कारखान्याला भोवतो.

ते इतर म्हणजे काय, हे आता पाहू. १०० किलो कोरड्या पेंढ्यापासून २८ किलो तेल मिळाले असे धरू. पेंढ्याच्या बाबतीत हा आकडा फार कमी नाही आणि फार मोठाही नाही. पेंढ्यात ४२ किलो कार्बन होता आणि तेलात ७२ टक्के कार्बन आहे असे मानले, तर तेलात सुमारे २० किलो कार्बन गेला. उरलेल्या २२ किलोंपैकी काही कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने वायूत, काही कोळशासारख्या घन अवशेषात आणि मोठा भाग पाण्यात गेला. कारखान्यातून निघणारे हे पाणी तपकिरी, उग्र वासाचे असते. त्यात अॅसिटिक आणि ग्लायकॉलिक आम्ले, कीटोन आणि लिग्निनपासून आलेली फिनॉलवर्गीय संयुगे असतात. त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातली घाण पूर्ण ऑक्सिडीकृत करायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे काही दहा हजार मिलिग्रॅमपर्यंत जाते. घरगुती सांडपाण्याची काही शे मिलिग्रॅम असते. असे पाणी नदीत सोडणे तर दूरच, नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रातही नेता येत नाही, कारण फिनॉलवर्गीय संयुगे तिथल्या जिवाणूंना मारतात. आणि एका किलो पेंढ्यामागे चार-साडेचार किलो असे पाणी निघते. तेलापेक्षा पाणी पंधरापट अधिक आहे, हे लक्षात घेतले की या उद्योगाला तेलाचा उद्योग म्हणण्याऐवजी पाण्याचा उद्योग म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

यावर उपाय आहेत आणि ते मनापासून करून पाहण्यासारखे आहेत. तेच पाणी पुढच्या लगद्यात परत वापरले तर पेंढ्याच्या बाबतीत तेलाचे प्रमाण सहसा वाढते, कारण आधीच विरघळलेल्या संयुगांतून आणखी तेल बनते. मात्र फेरीमागून फेरी त्यात क्षार साठत जातात, म्हणून काही पाणी दर वेळी बाहेर काढावेच लागते. बाहेर काढलेले पाणी पुरेसे पातळ करून, जिवाणूंना हळूहळू सवय लावून त्यापासून मिथेन मिळवता येतो. पाण्यातली सेंद्रिय संयुगे उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्याच उच्च दाबाखाली वायूत रूपांतरित करण्याचे काम अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने केले आहे. डेन्मार्कमधील आऱ्हुस विद्यापीठात पेंढा आणि सांडपाण्याचा गाळ एकत्र द्रवीभूत करून पाहिले गेले. ही कल्पना मला विशेष शहाणपणाची वाटते: गाळात पाणी जास्त आणि पेंढ्यात घनभाग जास्त, त्यामुळे पेंढ्याने गाळातले पाणी गाळून घेता येते, बाहेरून वेगळे पाणी आणावे लागत नाही, आणि विल्हेवाटीची दोन ओझी एकाच भट्टीत जातात. लिटरमागे अनुदान देणारी कोणतीही योजना यातल्या एकाही उपायाला प्रोत्साहन देत नाही. उलट, पाण्याची काळजी घेणाऱ्या कारखान्याचा खर्च वाढतो आणि न घेणाऱ्याचे लिटर स्वस्त पडते, अशी विपरीत स्पर्धा ती उभी करते.

मातीच्या खात्याकडे वळताना मला थोडे थांबावेसे वाटते, कारण याच ठिकाणी पेंढ्याला कचरा म्हणण्याची सवय सर्वांत जास्त नुकसान करते. भाताच्या एक टन पेंढ्यात साधारण ५ ते ८ किलो नत्र, एक किलोच्या आसपास स्फुरद आणि १२ ते १७ किलो पोटॅशियम असते. शेतात जाळल्यावर जवळपास सगळे नत्र उडून जाते, पण पोटॅशियमचा बहुतांश भाग राखेत, म्हणजे त्याच शेतात, राहतो. पेंढा उचलून कारखान्यात नेला तर तोही जातो. द्रवीकरणात पोटॅशियम जवळपास पूर्णपणे पाण्यात उतरते, स्फुरद कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी बांधले जाऊन घन अवशेषात बसते, आणि नत्र पाणी व तेल यांच्यात वाटले जाते. तेलात गेलेले नत्र पुढच्या शुद्धीकरणात त्रास देते. वर्षाला दीड लाख टन भाताचा पेंढा घेणारा कारखाना आसपासच्या शेतांतून दर वर्षी सुमारे दोन हजार टन पोटॅशियम वाहून नेईल. ते परत नेण्याची व्यवस्था कारखान्याच्या आराखड्यातच नसेल, तर शेतकऱ्याला ते खतांच्या पोत्यांतून विकत घ्यावे लागेल, आणि त्या खाणकामाची व वाहतुकीची शक्ती कोणाच्याच हिशेबात धरलेली नसेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो तितकाच गंभीर आहे. मातीत गाडलेल्या पेंढ्यातला बहुतेक कार्बन नाहीतरी हवेतच जातो, मग तो तेलात का जाऊ नये? समशीतोष्ण हवामानात चिन्हांकित कार्बन (म्हणजे माग काढता येईल असा खुणेचा कार्बन) वापरून झालेल्या जुन्या, काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत असे दिसले की मातीत मिसळलेल्या वनस्पतिद्रव्यातला सुमारे दोन-तृतीयांश कार्बन वर्षभरात निघून जातो आणि काही वर्षांनी पाचवा हिस्सा उरतो. उष्ण हवामानात हा वेग बराच अधिक असतो. आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. परंतु निघून जाणारा कार्बन वाया जातो असे मानणे चूक आहे. मातीतले सूक्ष्मजीव, बुरशी आणि गांडुळे त्यावरच जगतात, त्यांच्या चिकट स्रावांनी मातीचे कण एकत्र बांधले जातात, आणि त्या बांधणीमुळे पाऊस मुरतो व मुळांना हवा मिळते. भाकरी खाल्ल्यावर ती शरीरात साठत नाही म्हणून जेवण निरर्थक ठरत नाही, तसेच हे आहे. शिवाय पृष्ठभागावर पडलेल्या काडाचे आणखी एक काम असते: ते पावसाच्या थेंबाचा आणि वाऱ्याचा मारा झेलते. पेरणीनंतर जमिनीचा किमान ३० टक्के पृष्ठभाग अवशेषांनी झाकलेला असावा, ही संवर्धित मशागतीची (माती कमीत कमी उलथवण्याच्या पद्धतीची) रूढ व्याख्या याच कारणासाठी आहे. उताराच्या, हलक्या जमिनीवरून किती उचलता येईल आणि सपाट, भारी, भरघोस पीक देणाऱ्या जमिनीवरून किती, याला एकच टक्केवारी नाही. म्हणून सर्वत्र सारखा लागू होणारा 'उपलब्ध अवशेषांचा' आकडा देऊन त्यावर कारखान्यांची संख्या ठरवणे मला मुळातच चुकीचे वाटते. जमिनीचा हिस्सा आधी बाजूला काढावा, जनावरांचा त्यानंतर, आणि उरलेल्यातून तेलाचा विचार व्हावा.

हा क्रम पाळला की कारखान्याचा आकार आपोआप लहान होतो. दिवसाला ५०० टन कोरडा पेंढा घेणारा कारखाना वर्षातले ३०० दिवस चालला तर त्याला दीड लाख टन लागतील. हेक्टरी २ टन उचलणे जमिनीला परवडते असे धरले, तर ७५ हजार हेक्टर शेतांचा पेंढा हवा. भोवतालच्या एकूण क्षेत्राच्या चौथ्या हिश्शातूनच असा पेंढा मिळणार असेल, तर ३ हजार चौरस किलोमीटर पालथे घालावे लागतील, म्हणजे सर्व बाजूंना ३० किलोमीटरहून अधिक. पेंढा वर्षभर येत नाही, काही आठवड्यांतच येतो. दीड लाख टन गाठी, घनमीटरमागे १५० किलो या घनतेने, १० लाख घनमीटर जागा घेतात. पाच मीटर उंच रचल्या तरी २० हेक्टर, आणि आगीच्या भयाने गंजींमध्ये सोडायच्या मोकळ्या पट्ट्या वेगळ्या. एक पाऊस चुकीच्या वेळी आला की वरचे थर कुजतात. द्रवाची घनता पेंढ्याच्या गाठींच्या सहा-सातपट आणि प्रत्येक किलोतली शक्ती दुप्पट, म्हणूनच पेंढा लांब नेण्याऐवजी तेल लांब न्यावे हा विचार योग्य आहे. त्यातून अनेक लहान द्रवीकरण केंद्रे आणि एक मोठे शुद्धीकरण केंद्र अशी रचना सुचते. पण २०० बार दाबाची उपकरणे लहान केली की त्यांचा खर्च त्याच प्रमाणात कमी होत नाही. ही ओढाताण खरी आहे, ती कोणत्याही घोषणेने सुटत नाही, आणि संशोधनाचा पैसा तिथेच लागला पाहिजे.

अशा वेळी सुरुवात कुठून करावी, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. शेतात पसरलेल्या कोरड्या पेंढ्यापासून सुरुवात करू नये. प्रक्रिया उद्योगाच्या दाराशी आधीच गोळा झालेला, ओला आणि जनावरांच्या खाद्यात न जाणारा अवशेष आधी घ्यावा: फळांच्या रसाचा न खपणारा चोथा, कुजू लागलेली पाने व देठ, साफसफाईतला ओला गाळ. त्याला गोळा करण्याचा खर्च नसतो, तो वाळवणे परवडत नाही, आणि ओल्या मार्गाचा उष्णतेचा फायदा तिथे पूर्णपणे मिळतो. कोरड्या, स्वच्छ पेंढ्याला गाठी बांधून बॉयलरमध्ये जाळण्याचा साधा आणि कार्यक्षम पर्यायही उपलब्ध असतो. वरच्याच उदाहरणात १०० किलो पेंढ्यातल्या १,६०० मेगाज्यूलपैकी तेलात ९०० च्या आत उतरतात, आणि त्यातून पुढे शुद्धीकरणात उरलेला ऑक्सिजन काढण्यासाठी लागणारा हायड्रोजन वजा व्हायचा असतो. उष्णताच हवी असेल तर तेल करण्याचा वळसा घेण्याचे कारण नाही. तेल करायचे ते जिथे द्रवरूप इंधनावाचून चालत नाही तिथे, म्हणजे लांब पल्ल्याच्या विमानांसाठी आणि जहाजांसाठी. ज्या वाहनाला विजेवर चालता येते त्याच्या टाकीत हे महागडे तेल ओतणे मला पटत नाही.

घाई करावी असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी टाळू इच्छित नाही. शेतात पेंढा आज जळतो आहे, त्याचा धूर आज फुप्फुसांत जातो आहे, आणि पूर्ण हिशेबाची वाट पाहणे म्हणजे आणखी काही हंगाम धुरात घालवणे, असे ते म्हणतात. त्यांच्या कळकळीशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणूनच त्यांच्या उपायाशी नाही. पेंढा जाळला जातो याचे कारण बहुतेक ठिकाणी कापणी आणि पुढची पेरणी यांच्यातला थोडा वेळ, अपुरी यंत्रे आणि महाग मजुरी हे असते. काड न उचलता त्यातूनच पेरणी करणारी यंत्रे, लवकर पक्व होणारे वाण, गाठी बांधण्याची सामुदायिक सोय हे उपाय पुढच्याच हंगामात दिसू शकतात. उच्च दाबाचा कारखाना उभा राहायला अनेक वर्षे लागतात. त्याच्या आश्वासनावर आजचा धूर सोपवणे, म्हणजे जे लगेच करता येण्यासारखे आहे ते पुढे ढकलणे होय.

तेव्हा मदत कशावर द्यावी? माझ्या मते सार्वजनिक पैसा घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने काही आकडे दर तिमाहीला उघड करावेत आणि मदतीचा प्रत्येक हप्ता त्यांच्यावरच अवलंबून ठेवावा. प्रकल्प न थांबता सलग किती तास चालला. विनिमयकाने किती टक्के उष्णता परत दिली आणि ती महिन्यागणिक किती घसरली. आत आलेल्या कार्बनपैकी तेल, पाणी, वायू आणि घन अवशेष यांत प्रत्येकी किती गेला, आणि या चारांची बेरीज मूळ आकड्याशी जुळते का. यातला सलग तासांचा आकडा एकटाच कितीतरी दावे निकालात काढील. पोटॅशियम आणि स्फुरद यांच्याबाबत अट आणखी कडक असावी: पेंढा खरेदीच्या करारातच परत येणाऱ्या खनिजांचे वजन लिहिलेले असावे. पेंढा देणाऱ्या शेतकऱ्याला टनामागे पैसे तर मिळावेतच, पण त्याच्या शेतातून गेलेले पोटॅशियम पाण्यातून वेगळे करून, फिनॉलवर्गीय संयुगांपासून मुक्त असल्याची तपासणी करून, पुढच्या पेरणीआधी त्याच्या बांधावर पोहोचवण्याची जबाबदारी कारखान्याची असावी. ते शक्य नसेल त्या वर्षी त्या शेतातून पेंढा उचलण्याचा परवाना मिळू नये. ही अट जड आहे, आणि पाण्यातून क्षार वेगळे करण्याचे तंत्र अजून स्वस्त नाही, याची मला कल्पना आहे. पण ते तंत्र स्वस्त करण्याची गरज आज कारखान्याला वाटत नाही, कारण त्याला पैसा तेलाच्या लिटरवर मिळतो. बांधावर पोहोचलेल्या किलोवर तो मिळू लागला, तर तेच अभियंते त्या पाण्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतील.